गुळव्याच्या घरातला बिनगुळाचा माणूस

ज्यांच्या घरात गोडाला तोंड फिरवणारं लेकरू आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, फक्त हसू नये. माझ्यावर हसणारे लय झाले.

शाळा मी दोन इयत्ता शिकलो, तीही निजामाच्या राज्यातली, उर्दूची. मराठी अक्षर पुढं पोथीवरून गिरवलं. ज्याला शुद्धलेखन बघायचं त्यानं दुसरं काही वाचावं. मी जे भोगलं ते कोणी शिकवलेलं नाही, त्यामुळं त्यात चूक निघायची नाही.

आमचं गाव पिंगळीच्या टेसनापासून दोन कोस. विहिरीवरचा ऊस आणि घरचं गुऱ्हाळ. माझा बाप गुळव्या होता. ज्याला माहीत नाही त्याला सांगतो, गुळव्या म्हणजे काहिलीत उकळणारा पाक कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस. ऊस कोणाचाही असो, काहिलीपाशी हुकूम गुळव्याचा. आबा पाकाचा थेंब पाण्यात सोडायचे, बोटांत त्याची गोळी करायचे आणि ती जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. काहिलीच्या कड्या धरून माणसं उभी, आणि सगळ्यांचं ध्यान आबांच्या डोळ्यांकडं. डोळे उघडले की काहील उतरायची. एवढी इज्जत मी पाटलाचीही बघितली नाही.

ती विद्या बापाकडून थोरल्याकडं जाते. थोरला मी. पण गेली ती रंगाकडं, माझ्या पाठच्या भावाकडं. कारण माझ्या जिभेला गूळ चालत नव्हता.

आबांचा इलाज

आई सांगायची, उष्टावणाची खीर तोंडाला लावली आणि मी असा गळाठलो की बायांनी रडायला सुरुवात केली. माझ्याआधीची तिची दोन लेकरं दात यायच्या वखतालाच गेली होती. मी वाचलो, कारण मी तोंड मिटायला शिकलो. गूळ, साखर, मध, केळी, बोरं, हुरड्याचं गोड कणीस, काहीही असो, वास आला की माझे दात बसायचे. चुकून पोटात गेलं की थोड्या वेळानं ओकारी, मग दरदरून घाम, हात थरथर कापायचे, आणि डोळ्यांपुढं अंधारी.

आबांना हे सोंग वाटायचं. गुळव्याचं पोर गूळ थुंकतं म्हणजे बापाच्या हातावर थुंकतं, असं ते म्हणायचे. नाक दाबून गूळ तोंडात कोंबायचे. मी कापायला लागलो की लोकांना दाखवायचे, बघा कसं नाटक करायलंय. पण आई पुरणाच्या दिवशी माझ्यापुरतं पिठलं आणि ज्वारीची भाकर चुलीमागं झाकून ठेवायची. तिचे उपकार मी कोणाला सांगितले नाहीत, आज लिहितो.

रंगा मात्र ढेपेला माशी चिकटावी तसा आबांना चिकटून असायचा. आबा आपल्या बोटावरचा पाक त्याच्या जिभेला लावायचे आणि विचारायचे, सांग रे, अजून किती उकळ्या? तो बरोबर सांगायचा. मी काहिलीखालच्या चुलाणात उसाची चिपाडं सारत असायचो. धूर माझ्या डोळ्यांत आणि शाबासकी त्याच्या पदरात. चरकाचे बैल सुटले की मळीची पिपं चाटायचे. खरं सांगतो, मला त्या बैलांचाही हेवा वाटायचा.

पाहुण्याच्या घरी गेलं की आमच्याकडं पाण्याच्या तांब्यासंगं गुळाचा खडा पुढं येतो. खडा नाकारला की घर नाकारलं. मी जन्मभर घरं नाकारत आलो. त्यामुळं माजोरी हे माझं दुसरं नावच पडलं. माझ्या साखरपुड्यातही मी साखर हातात धरून बसलो तर मुलीचा चुलता उठून उभा राहिला. तेव्हा रंगानं माझ्या हातातली साखर उचलून आपल्या तोंडात टाकली आणि म्हणाला, "दादाचं तोंड मी गोड केलं, चालंल का?" सगळा मांडव हसला. सोयरीक वाचली. लोक आजही त्याची हुशारी सांगतात. माझं लग्न त्याच्या तोंडानं झालं, हे मी विसरलो नाही आणि विसरणारही नाही.

माझा एक दिवस

रझाकार जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात घातला होता. गुऱ्हाळाचे दिवस. आबा कधीच गेले होते आणि रंगा पंचक्रोशीत नावाजलेला गुळव्या झाला होता. त्या नावाची किंमत त्याच्या दातांनी मोजली होती. निम्मे पडलेले, उरलेले काळे. एके सकाळी त्याचा गाल सुजून डोळा मिटला. दाढ काढायला तो परभणीला गेला, आणि इकडं ऊस तोडून पडलेला.

गड्यांचं म्हणणं पडलं की दुसऱ्या गावाहून गुळव्या बोलवावा. मी म्हणालो, "आबाचा थोरला मी हाय. काहील मी उतरवीन."

गडी एकमेकांकडं बघायला लागले. माझी बायको भागू तिथंच चिपाडं वेचत होती. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "कामून असं करायलाव? तुमास्नी सोसत न्हाई."

मी तिला घरी जायला सांगितलं. लोक म्हणतील, एवढं कळत होतं तर का गेला मरायला? त्यांना थोरल्याचं दुःख माहीत नाही. इतकी वर्षं चुलाणापाशी बसून मी आबांची आणि रंगाची प्रत्येक खूण बघितली होती. बुडबुडा कसा फुटतो, वाफेचा वास कधी बदलतो, सगळं मला ठाऊक होतं. फक्त जिभेची साक्ष राहिली होती. ती मी त्या दिवशी घेतली. थेंब घ्यायचा, चाखायचा, थुंकायचा. सगळंच थोडंच थुंकलं जातं.

गूळ चांगला उतरला, हे आधी लिहून ठेवतो. ढेप सोन्यासारखी निघाली. गडी माझ्या डोळ्यांकडं बघत होते. तेवढं सुख मी घेतलं.

तिसऱ्या काहिलीला माझे हात कापायला लागले. घामानं अंगरखा भिजला. मी कडीवरच कोसळलो असतो, पण गड्यांनी मागं ओढलं. आता आमच्याकडची रीत ऐका. चुलाणापाशी माणूस चक्कर येऊन पडला की त्याला उसाचा ताजा रस पाजायचा, त्याच्या अंगात साखर घालायची, म्हणजे तो उठतो. बाकीचे उठतात. मला तांब्याभर रस पाजला. मी आणखी खाली गेलो. मग गूळपाणी पाजलं. ते मला जगवायला धडपडत होते आणि दर घोटाला मी मरत होतो. भागू धावत आली आणि तिनं माझ्या तोंडावर आपला हात दाबून धरला. ती ओरडत होती, ह्यास्नी गोड देऊ नका. गड्यांना वाटलं, बाई भ्रमिष्ट झाली. त्यांनी तिला बाजूला केलं. हे मला नंतर कळलं. मला तेव्हा फक्त तिच्या तळव्याचा राखेचा वास आठवतो.

दवाखाना

परभणीच्या सरकारी दवाखान्यात हाताच्या शिरेत बाटली लावली आणि मी डोळे उघडले. पण अंग हळदीसारखं पिवळं, पोट फुगलेलं, अन्नाची शिसारी. तिथले डॉक्टर म्हणाले, काळजाखालचं लिव्हर सुजलंय, हैदराबादला न्या. रंगा सुजलेल्या गालानं टेसनावर आला होता. काहील कशी उतरली ते त्यानं विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, "दादा, तुला झेपत न्हाई तर कशाला गेलास?" आणि माझ्या पिशवीत भागूच्या नकळत गुळाची वडी ठेवली, वाटेत अशक्तपणा वाटला तर खा म्हणून. त्याचा जीव होता माझ्यावर, हे मी नाकारत नाही. पण इतक्या वर्षांत त्यानं मला काय होतं ते बघितलंच नव्हतं. आगगाडी सुटल्यावर मी ती वडी खिडकीतून फेकली.

हैदराबादचा दवाखाना म्हणजे एक गावच. पहाटे झाडूवाला, मग काचेची नळी काखेत देणारी नर्सबाई, मग दूध. दुधात साखर. मी दूध परत करायचो. नर्सबाई वहीत लिहायची, रोगी हट्टी आहे. भागू बाहेरच्या झाडाखाली तीन दगड मांडून भाकर करायची आणि कंपाउंडरची नजर चुकवून आणायची. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे मियाँसाब होते. त्यांच्या घरून रोज मोसंब्या यायच्या, लेकी येऊन सोलून द्यायच्या. ते मला फोड पुढं करायचे आणि मी मान हलवायचो. एक दिवस ते रागावले. म्हणाले, "पाटील, हमारे हात का नहीं खाते क्या?" मी म्हणालो, मी माझ्या बापाच्या हातचंही खाल्लं नाही. ते लय हसले. त्यांचंच हसणं मला टोचलं नाही.

पण रसाचे ओघळ त्यांच्या दाढीवरून जाताना मी तोंड भिंतीकडं करायचो. दुसऱ्याला गोड लागतंय हे बघणं, हीच माझी खरी बिमारी होती. लिव्हरचं दुखणं त्या मानानं बरं.

तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या, विलायतेहून शिकून आलेल्या. मराठी बोलायच्या. त्यांनी जीभ बघायला माझं तोंड उघडलं आणि बराच वेळ मिटूच देईनात. मग त्यांनी विचारलं, "बाबा, वय काय तुमचं?"

मी म्हणालो, पन्नाशी कधीच गेली.

"एकही दात किडलेला नाही. तुम्ही गोड खात नाही का?"

सगळ्या जन्मात लोकांनी मला विचारलं होतं, गोड का खात नाहीस? त्यात शिवी असायची. खात नाही का, असं साधं कोणी विचारलं नव्हतं.  मग मी जे सुरू केलं ते थांबेचना. आबा, खीर, साखरपुडा, काहील, सगळं. बाई खाटेच्या कडेवर बसून ऐकत राहिल्या. एवढंच विचारलं, की किती वेळानं कापरं भरतं, आणि घरात कोणी लेकरं दगावली होती का.

मग त्या म्हणाल्या की विलायतेत शिकताना त्यांनी अशाच एका बाईबद्दल ऐकलं होतं. त्यांना खात्री करायची होती. फळातली साखर अगदी थोडी पाजायची, मधून मधून बोटाचं रक्त घ्यायचं, शिरेतली बाटली तयार ठेवायची. भिऊ नका म्हणाल्या. मी भ्यालो नाही. उलट मला वाटलं, आबा जिवंत असते आणि समोरच्या स्टुलावर बसले असते तर बरं झालं असतं.

झालं ते नेहमीसारखंच झालं. ओकारी, घाम, कापरं. पण या वेळी चार शिकलेली माणसं भोवती उभी होती आणि एकही जण नाटक म्हणाला नाही. रक्त बघून आल्यावर बाई म्हणाल्या, "गोड पोटात गेलं आणि तुमच्या रक्तातली साखर वाढायच्या ऐवजी उतरली."

मी म्हणालो, असं कसं होईल?

त्यांनी समजावलं ते मी माझ्या पद्धतीनं सांगतो. साखर म्हणजे दोन साखरांची जोडी. एक अंगाला लगेच चालते. दुसरी फळातली, मधातली. ती दुसरी फोडायला लिव्हरमध्ये एक रस लागतो. माणूस असो, बैल असो, शेळी असो, दूध पिऊन वाढणाऱ्या साऱ्या जिवांत हीच रीत. माझ्या अंगात तो रस जन्मापासून नाही. चरकाची ऊस पिळणारी एक लाट मोडलेली असावी तसं. ऊस आत जातो आणि तिथंच अडकतो. अडकला की मागचं सगळं थांबतं, लिव्हरनं साठवलेली चांगली साखरसुद्धा बाहेर यायची बंद होते. चुलाणात जळण भरपूर, पण दार बंद. म्हणून माणूस गोड खाऊन साखरेविना विझतो. रक्तातून आलेला दोष आहे, आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा. त्याला औषध नाही. ते गोड टाळायचं, एवढाच इलाज.

आबांकडून अर्धा. हे ऐकून मी आडवा पडून राहिलो. ज्या हातानं माझ्या तोंडात गूळ कोंबला त्यातच तो दोष होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एका पेल्यात पांढरी पूड कालवून आणली. ग्लुकोज. जोडीतली ती पहिली, चालणारी साखर. मी तोंड मिटलं. त्या म्हणाल्या, शिरेतून इतके दिवस हेच देत होतो. मी मिटलेलंच ठेवलं. भागू म्हणाली, "प्या की. मी हाय न्हवं हितं." मग मी डोळे मिटून घोट घेतला आणि कापरं भरायची वाट बघत बसलो. मियाँसाबही उठून बसले होते.

काही झालं नाही. जिभेवर नुसतं गोड. ओकारी नाही, घाम नाही. मी दुसरा घोट घेतला. सगळ्यांना वाटलं मी आनंदलो. भागूनं डोळे पुसले. खरं सांगतो, मला संताप आला. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की गोड हे असं लागतं तर. आणि हे रंगा रोज खात होता.

घरी

ग्लुकोजचा डबा घेऊन मी घरी आलो. हळूहळू पिवळेपणा गेला, बळ आलं. पण गावाला पटवणं दवाखान्याहून अवघड. रंगा ऐकून घ्यायचा आणि मान हलवायचा. एकदा पारावर कोणीतरी त्याला विचारलं तर हसून म्हणाला, दादाची काहील बिघडली असंल, म्हणून साखरच बिघडली म्हणायलाय. काहील बिघडली नव्हती. मी वर लिहिलंच आहे.

पुढच्या सालाची गोष्ट. रंगाची लेक कौसा आमच्या बहिणीच्या घरात दिली होती, आत्याच्या पोराला, आमच्याकडं देतात तशी. जावई येलदरीला धरणाच्या कामावर होता, म्हणून ती पहिलं बाळंतपण करून माहेरीच राहिली होती. पोरगी गुबगुबीत, डोळे टपोरे. नाव गोदी. मी तिला फारसा घ्यायचो नाही. रंगाला नातही आधी झाली, हे मला खुपत होतं.

उष्टावण झालं. मामानं अंगठी बुडवून खीर चाटवली, आणि रंगानं हौसेनं आपल्या हातचा गूळ पाण्यात उगाळून बोटानं पाजला. त्या दिवसापासून पोरगी बिघडली. ओकायची, मलूल पडायची. डोळ्यांत पिवळेपणा, पोट टम्म. अशक्त झाली म्हणून गूळपाणी, औषध द्यायचं तर मधातून. रंगाच्या बायकोनं दृष्ट काढायला सुरुवात केली. मीठमोहऱ्या ओवाळताना ती माझ्या दाराकडं तोंड करून उभी राहायची.

मला कळायला वेळ लागला नाही. मी ओसरीतून बघितलं, पोरगी कापत होती. खालचा ओठ थरथरत होता, कपाळावर घामाचे थेंब. आरशात बघावं तसं मला झालं. बहिणीकडून अर्धा, भावाकडून अर्धा.

मी डबा घेऊन त्यांच्या अंगणात गेलो आणि म्हणालो, पोरीला गोड बंद करा, ही पूड पाण्यातून द्या.

रंगाची बायको दारात आडवी झाली. "भावजी, तुमची नजर कमी पडली म्हणून आता पूड घेऊन आलाव व्हय?"

रंगा उठला. तो आजवर माझ्यावर कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता. "दादा, सारा जन्म तुला माझं गोड बघवलं न्हाई. आता लेकराच्या तोंडचंबी काढायलास?"

त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. माझा हेवा गावाला माहीत होता. मी दुसरा कोणी असतो तर त्यांनी ऐकलं असतं. इतकी वर्षं हेवा मी लपवला नाही, आणि आता त्याचं मोल ती पोरगी देत होती.

मी ओसरीवर बसलो. म्हणालो, "रंगा, तुझ्या हातचा गूळ आण. मी खातो. मला काय होतं ते बग, आन् मग पोरीकडं बग."

भागू पाठोपाठ आली होती. तिनं माझा दंड धरला. डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं की पुन्हा कधी जिभेला लावू नका. मी डबा तिच्या हातात दिला आणि म्हणालो, ह्यांचं बघून झालं की पाज. त्याआधी नको.

हे वाचून कोणीही असं करू नये. मी केलं, कारण माझ्यापाशी दुसरा साक्षीदार नव्हता.

रंगानं खडा आणला. उजव्या हातावर ठेवून पुढं केला, पाहुण्याला देतात तसा. पन्नास वर्षांत मी पहिल्यांदा भावाच्या हातचा गूळ घेतला. चावून खाल्ला. गूळ अस्सल होता.

बराच वेळ काही झालं नाही. रंगाच्या बायकोनं तोंड वाकडं केलं. अंगणात शेजारच्या बाया जमल्या. मग ओकारी आली. मी ओसरीच्या कडेला वाकलो. घाम सुटला, बोटं ऐकेनात. मला कौसाचा आवाज ऐकू आला, तो लांबून आल्यासारखा. ती लेकरू कडेवर घेऊन माझ्याजवळ आली होती आणि एकदा माझ्या तोंडाकडं बघत होती, एकदा पोरीच्या.

"बा," ती रंगाला म्हणाली, "मोठ्या बाबाचा ओठ बगा. गोदीचा ओठ बगा."

पुढचं मला भागूनं सांगितलं. रंगा खाली बसला आणि माझं तोंड दोन्ही हातांत धरून बघत राहिला. त्याला पहिल्यांदा दिसलं. तोवर भागूनं पेला माझ्या तोंडाला लावला होता. कौसानं आपल्या पदरानं पोरीचं तोंड, जीभ, हिरड्या पुसल्या आणि बापाला न विचारता म्हणाली, "आजपासनं हिच्या तोंडात गोड जायचं न्हाई. पूड कशी कालवायची ते सांगा, मोठ्याबाई."

मी शुद्धीवर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. रंगा न्हाणीपाशी उकिडवा बसून हात धूत होता. चुलीतली राख घेऊन बोटं घासत होता, नखं, पेरं, मनगटं. धुवायचा आणि पुन्हा राख घ्यायचा. गुळव्याचे हात कधी बिनगुळाचे नसतात. ते तसे झाल्याची खात्री होईपर्यंत त्यानं नातीला घेतलं नाही.  

आता

गोदी वाचली. आईचं दूध, मग बिनसाखरेचं गाईचं, मग भाताची पेज, मऊ भाकर. पिवळेपणा उतरला, पोट बसलं. पुढं कौसा येलदरीला गेली, पण गुऱ्हाळाच्या दिवसांत माहेरी येते. आता पोरगी पळती आहे. दात मोत्यासारखे.

तिच्यासाठी सगळ्या घरानं गोड उंचावर ठेवलं. सणाला आधी तिचं पिठलं होतं, मग पुरण. रंगाची बायको आल्यागेल्याला बजावते, लेकराला खडा देऊ नका. एका दुपारीत हे झालं. मला त्यासाठी जन्म घालवावा लागला, आणि तरी झालं नाही. मला त्या पोरीचा हेवा वाटला, आणि तो वाटला हे लिहायला मला लाज नाही. हेवा असूनही माणूस योग्य ते करू शकतो. मी केलं.

ज्यांच्या घरी असं लेकरू असेल त्यांना सांगतो, त्याचं नाक दाबू नका. त्याचं अंग तुमच्याहून आधी शहाणं झालेलं असतं. त्याला मोठ्या डॉक्टरला दाखवा. आणि ते चक्कर येऊन पडलं तर उसाचा रस पाजू नका.

काल गुऱ्हाळ लागलं. रंगानं पहिली ढेप फोडली, पहिला खडा चुलाणाला, दुसरा आपल्या तोंडात, मग सगळ्यांना. पोरं त्याच्याभोवती गोळा झाली. गोदी गेली नाही. ती सरळ माझ्याकडं आली, चुलाणापाशी, माझ्या मांडीवर टेकली आणि माझ्या कनवटीतले खारे शेंगदाणे काढून खायला लागली. तिला ठाऊक आहे ते कुठं असतात.

रंगानं लांबून हाक मारली, "गोदे, आज्याकडं ये की."

ती उठली नाही. रंगा दोन पावलं आमच्याकडं आला. त्याच्या उजव्या मुठीत गूळ होता. तिनं वर बघितलं तशी त्यानं मूठ पाठीमागं लपवली आणि तिथंच उभा राहिला. त्याच्या तोंडावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. चुलाणापाशी बसून मी तेच तोंड घेऊन त्याच्याकडं बघत आलो आहे.

मी गोदीला आणखी शेंगदाणे दिले. मग सरकून बसलो आणि त्याला म्हणालो, हात धुऊन ये, जागा हाय.